जोडी फुटली, हे कळतं कसं?
ॲल्युमिनियम साधारण उणे 272 अंश सेल्सियसखाली थंड केलं की त्यातले इलेक्ट्रॉन जोडीनं वावरतात आणि विजेला अडथळा उरत नाही. क्वांटम संगणकातले बरेच क्युबिट याच धातूचे. पण अवकाशातून आलेला एखादा कण धडकला की जोड्या फुटतात, साठवलेली माहिती बिघडते.

इलेक्ट्रॉन काही डोळ्यांना दिसत नाही. मग? आम्ही मुलांना शिकवतो तेच सम-विषम इथे कामी येतं! फुटलेल्या जोडीतला एक इलेक्ट्रॉन पातळ थर ओलांडून पलीकडे गेला की तुकड्यातली समसंख्या विषम होते आणि जोडलेल्या सर्किटची मायक्रोवेव्ह फ्रिक्वेन्सी किंचित सरकते.

सुटे इलेक्ट्रॉन भेटले की पुन्हा जोडी जमते, मात्र त्यातून सुटलेलं कंपन दुसरी जोडी फोडू शकतं. 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी क्युबिटभोवती शिशाची भिंत रचून पाहिली. फरक पडला, पण अगदी थोडा.