परसातून टिपलेला तेजोमेघ

देवळाली म्हटले की समाजातील पुष्कळांना नाशिकजवळचा देवळाली कॅम्प आठवतो. या लेखातील देवळाली ती नव्हे; ही राहुरी तालुक्यातील, प्रवरेच्या पाटपाण्यावर वाढलेली देवळाली प्रवरा. दक्षिणेला राहुरी, उत्तरेला श्रीरामपूर, वायव्येला शिर्डी. रात्री या दिशांच्या क्षितिजावर उजेडाची झाक पसरलेली असते आणि गावात पथदिवे, दुकानांच्या पाट्या, मंगल कार्यालयांच्या माळा आहेतच. अशा ठिकाणी घराच्या परसात कॅमेरा लावून कुणी आकाशातल्या तेजोमेघांची छायाचित्रे घ्यायची म्हणाला, तर ऐकणारा त्याला लडाखला जाण्याचा सल्ला देईल. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तेजोमेघांचा एक मोठा वर्ग असा आहे की, तो भर वस्तीतल्या परसातूनही टिपता येतो. आणि तो का टिपता येतो याच्या उत्तराचा एक धागा सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या पुण्यात सापडतो.

तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेले वायू आणि धूळ यांचे विरळ मेघ. त्यांतला सर्वांत ओळखीचा मृग नक्षत्रात आहे. मृगातील तीन ताऱ्यांचा सरळ बाण लहान मुलेही दाखवतात. त्या बाणाच्या दक्षिणेस तीन फिकट ठिपके उभ्या ओळीत दिसतात. त्यांतला मधला किंचित धूसर वाटतो. तोच हा तेजोमेघ, आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर. त्याच्या गर्भात नवे तारे जन्म घेत आहेत आणि त्यांच्या प्रखर अतिनील किरणांनी भोवतालचा वायू उजळला आहे. आपल्या अक्षांशावरून तो डोक्याकडे बराच वर, दक्षिण क्षितिजापासून सुमारे ६५ अंशांवर येतो. लंडनच्या निरीक्षकाला तो जेमतेम ३३ अंशांवर दिसतो. उजेडाची झाक क्षितिजालगत अधिक असते, म्हणून हा लाभ लहान नाही.

आता पुण्याकडे. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सला (आजचे सीओईपी) पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने त्यात भर घातली आणि १८८८ मध्ये तेथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला. वेधशाळेतील वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती.

त्या वेळी इंग्लंडमध्ये एक वाद रंगला होता. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, तेव्हा इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा न दिसता मोजक्या सुट्या रेषा दिसल्या. त्यांतली सर्वांत ठळक हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे कुणालाच सांगता येईना. नॉर्मन लॉकयर यांचे म्हणणे असे की तेजोमेघ हे उल्कांचे थवे असून ती रेषा तापलेल्या मॅग्नेशियमची आहे. तसे असते तर रेषेची एक कड विरघळत गेलेली दिसायला हवी होती. नेगमवालांनी पुण्याहून मृगातील तेजोमेघाची ती रेषा तपासली आणि १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: रेषा दोन्ही कडांनी रेखीव आहे, विरघळ कोठेही नाही. ज्यांच्या शब्दाला त्या काळी मोठे वजन होते, त्या लॉकयर यांच्या मताविरुद्ध पुण्यातील एका पारशी प्राध्यापकाने नोंदवलेला हा पुरावा आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. त्या रेषेचे कोडे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडले. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची निघाली. नेगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि तिची सामग्री कोडईकनालला गेली.

परसातल्या छायाचित्रकाराच्या उपयोगाची गोष्ट याच रेखीव रेषेत आहे. मृगासारख्या तेजोमेघाचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला नसतो. तो मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या तांबड्या आणि ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेत एकवटलेला असतो. पांढऱ्या एलईडीचा उजेड मात्र जवळजवळ सगळ्या रंगांत सांडलेला असतो. डोळ्याला दिसणारा पट्टा साधारण ३०० नॅनोमीटर रुंद धरला आणि कॅमेऱ्यापुढे केवळ सात नॅनोमीटरची फट ठेवणारा फिल्टर लावला, तर गावाच्या उजेडाचा सुमारे चाळिसावा हिस्साच आत येईल. तेजोमेघाची रेषा मात्र जवळपास पूर्ण येईल. तीन नॅनोमीटरची फट असेल तर उजेड शंभराव्या हिश्श्यावर येतो. धान्याच्या दुकानात खडे आणि दाणे वेगळे करणारी चाळणी असते, तशीच ही रंगांची चाळणी. दोन्ही रेषा एकदम जाऊ देणारे दुहेरी फिल्टरही मिळतात आणि रंगीत कॅमेऱ्यासाठी नवशिक्याने तेच घ्यावेत. एक अडचण लक्षात ठेवावी. नेहमीच्या कॅमेऱ्यात संवेदकापुढे बसवलेली काच हायड्रोजनचा तांबडा प्रकाश बराचसा अडवते. त्यामुळे हौशी मंडळी ती काच बदलून घेतात किंवा आकाशासाठीच बनवलेला कॅमेरा वापरतात.

फिल्टर लावला की चित्र काळेभोर होते, कारण येणारा प्रकाशच अत्यल्प. त्यावर उपाय म्हणजे चिकाटी. एकाच तेजोमेघाची तीन-तीन मिनिटांची साठ चित्रे घ्यायची आणि संगणकावर ती एकावर एक रचून सरासरी काढायची. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही सॉफ्टवेअर हे काम विनामूल्य करतात. व्यापारी घरांना यातले तत्त्व समजावून सांगण्याची गरज पडू नये. रोजमेळातल्या किरकोळ चुका कधी जमेला पडतात, कधी नावे. वर्षभरात त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. खरी शिल्लक मात्र दरदिवशी त्याच दिशेने साचत जाते. चित्रातले दाणेदार डाग म्हणजे अशा चुका आणि तेजोमेघ म्हणजे शिल्लक. वेळ चौपट दिला की डाग निम्म्यावर येतात. म्हणून एका रात्रीवर न थांबता तीन-चार रात्री त्याच लक्ष्यावर घालवणारा माणूस महागड्या दुर्बिणीच्या मालकाला मागे टाकतो.

खर्चाचा क्रम लोक बहुधा उलटा लावतात. आधी मोठी दुर्बीण घेतात आणि ती लटपटत्या तिकाटण्यावर बसवतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. तीन मिनिटांत तारे रेघा होऊन बसतील. त्या गतीला उलट फिरून लक्ष्य धरून ठेवणारे माऊंट हेच या छंदातले मुख्य भांडवल. लहान भिंगही त्यावर उत्तम काम देते. माऊंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. देवळालीहून ध्रुवतारा क्षितिजापासून केवळ साडेएकोणीस अंश वर, नेमका श्रीरामपूरच्या उजेडाच्या बाजूला असतो. समोर दुमजली घर असेल तर तो दिसतही नाही, आणि मग परसाऐवजी गच्ची गाठावी लागते. उसाच्या पट्ट्यात हिवाळ्यात दव भरपूर पडते. भिंगाभोवती गुंडाळायची, हलकी ऊब देणारी पट्टी नसेल तर मध्यरात्रीनंतरचे सगळे श्रम पाण्यात जातात.

या छंदाचे पंचांग आपल्या पंचांगाशी गमतीने जुळते. चातुर्मासातले बहुतेक दिवस आभाळ झाकलेले. म्हणजे यंत्रांनाही स्थिरवास. महावीर निर्वाणाची अमावस्या ही पावसानंतरच्या पहिल्या स्वच्छ, चंद्रहीन रात्रींपैकी एक. पण त्या रात्री गावात दिव्यांची रोषणाई आणि धूर असतो, तेव्हा त्या दिवशी कॅमेरा झाकून ठेवून पूजेत बसणेच बरे. खरा हंगाम मार्गशीर्षापासून. जानेवारीअखेर मृग रात्री साडेनऊच्या सुमारास माथ्याजवळ येतो, आणि चौविहार पाळणाऱ्या घरात तोवर सगळी आवराआवर झालेली असते.

फिल्टर सर्व काही देत नाही, हेही सांगितले पाहिजे. हायड्रोजनच्या फिल्टरमधून मेघाचा एक आकार दिसतो, ऑक्सिजनच्या फिल्टरमधून दुसरा. प्रत्येक फिल्टर एका नयासारखा आहे. तो सांगतो ते खरे असते, पण तेवढेच असते. आणि ज्यांचा प्रकाश सर्व रंगांत विखुरलेला आहे, त्यांच्यापुढे ही चाळणी निरुपयोगी ठरते. कृत्तिकेच्या ताऱ्यांभोवतीची निळी धूळ, देवयानीतील दीर्घिका आणि आकाशगंगेचा पट्टा या प्रकारात येतात. त्यांचा प्रकाश आणि पथदिव्याचा उजेड वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी अंधारच लागतो. महाराष्ट्रात त्याची अधिकृत जपणूक पेंच व्याघ्र प्रकल्पात होते. जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून त्याला मान्यता मिळाली.

आपल्या आगमांत सूर्यप्रज्ञप्ति आणि चंद्रप्रज्ञप्ति हे स्वतंत्र ग्रंथ आहेत. अभिजित धरून २८ नक्षत्रांची गणना तेथे आहे. ते आकाश कोणत्याही फिल्टरविना, उघड्या डोळ्यांनी पाहिलेले होते. आज गावातल्या मुलाला कृत्तिकेचे सहा तारे मोजायला सांगावे आणि तो किती मोजतो ते पाहावे.

दुसरी गोष्ट आपल्या व्रताशी थेट संबंधित आहे. पावसाळ्यात दिव्याभोवती घिरट्या घालून सकाळी खाली निपचित पडलेले कीटक प्रत्येक दुकानदाराने झाडले आहेत. निळसर पांढऱ्या उजेडाकडे ते पिवळसर उजेडापेक्षा अधिक ओढले जातात. रात्रिभोजन टाळताना ज्या जीवांचा विचार आपण करतो, तेच हे जीव. आणि दुकान बंद झाल्यावर रात्रभर जळणाऱ्या पाटीचा तर गिऱ्हाइकालाही उपयोग नसतो. पाटीला वेळेवर बंद होणारा टायमर, बाहेरच्या दिव्याला उजेड खालीच पाडणारी टोपी आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा, एवढे बदल कोणताही वायरमन एका दुपारी करून देतो. मंदिराच्या शिखरावर रोखलेल्या झोतांबाबतही विश्वस्तांनी पर्युषणापूर्वीच्या बैठकीत हा विषय घ्यायला हरकत नाही.