पाटबंधाऱ्यांची ओहोटी

समुद्रापासून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या हिंगोली जिल्ह्यात किनारी पक्ष्यांच्या निरीक्षणासाठी जाणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु रब्बीच्या पाणीपाळीसाठी कालव्यांचे दरवाजे उघडले आणि सिद्धेश्वर व येलदरी या जलाशयांची पातळी उतरू लागली, की पाण्याखाली दडलेला दख्खनचा काळा पाषाण, मुरमाड उतार आणि गाळाचे ओले पट्टे एकामागून एक उघडे पडतात व पाहता पाहता तेथे एक खराखुरा खडकाळ किनारा सिद्ध होतो.

पूर्णा नदीवरील ही दोन्ही धरणे १९६८ साली पूर्ण झाली. येलदरीच्या वीजगृहातून, ज्याची क्षमता २२.५ मेगावॅट आहे, बाहेर पडलेले पाणी खाली औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वराच्या जलाशयात येते आणि तेथून कालव्यांवाटे वसमत, परभणी व नांदेडकडील शिवारांत जाते. उत्तरेस कयाधूचे खोरे ओलांडले, की पैनगंगेवरील ईसापूरचा तिसरा विस्तीर्ण जलाशय यवतमाळच्या सीमेवर पसरलेला आहे. हा सारा मुलूख एकेकाळी निजामाच्या इलाख्यात परभणी जिल्ह्याचा भाग होता. १ मे १९९९ रोजी त्यातून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानच्या पक्ष्यांची विख्यात पाहणी केली, त्या काळी यांतला एकही जलाशय अस्तित्वात नव्हता. आज जेथे दुर्बिणी रोखल्या जातात, तो काठ साठ वर्षांपूर्वी शेतांचा आणि वस्त्यांचा होता, हे बुडीत क्षेत्रातून उठून गेलेल्या कुटुंबांचे स्मरण ठेवून सांगितले पाहिजे.

रत्नागिरीच्या खडकांवर पक्षी पाहणारा मनुष्य भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून घराबाहेर पडतो, कारण तेथे समुद्र दिवसातून दोनदा मागे सरतो. आमच्याकडे ओहोटी वर्षातून एकच. ती कार्तिकाच्या सुमारास आरंभते, ज्येष्ठापर्यंत चालते आणि तिचे कोष्टक चंद्राच्या कलांत नसून पाटबंधारे खात्याच्या दफ्तरात असते. आवर्तन केव्हा सुटणार याची चौकशी करून गेलेल्या निरीक्षकास जे दिसते, ते केवळ सुटीचा दिवस पाहून गेलेल्यास सहसा दिसत नाही. पाणी नुकतेच हटलेल्या गाळात अळ्या, कृमी व शिंपले विपुल असतात, आणि दोनचार दिवसांच्या उन्हाने तोच गाळ तडकून कठीण झाला, की चोचीला तेथे काही लाभत नाही. म्हणून चिखलपक्षी सरकत्या पाण्याच्या कडेला धरून चालतात. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांनी आत, पोटऱ्याभर पाण्यात उतरतो. छोटा टिलवा, जो जेमतेम २५ ग्रॅम वजनाचा असून उत्तर ध्रुवाकडील टुंड्रा प्रदेशातून येतो, पाण्याच्या रेषेवर अखंड टोचत राहतो. कंठेरी चिखल्या कोरड्या भागावर चार पावले धावतो, थबकतो, वाकतो आणि पुन्हा धावतो. खडकांचा खरा रहिवासी मात्र तुतवार. श्रावणभाद्रपदातच तो हिमालयापलीकडून किंवा हिमालयाच्या खोऱ्यांतून येऊन पोहोचतो आणि एकेका पाषाणावर एकटा, शरीराचा मागचा भाग सतत हलवीत उभा राहतो.

शिकारी पक्षी आकाशात धुंडाळू नयेत. ते चिखलपक्ष्यांच्या वर्तनातून ओळखावेत. प्रथम टिटवी ओरडते, मग सारा काठ एकदम उठतो आणि टिलव्यांचा थवा दाट होऊन वळणे घेऊ लागतो, कारण बहिरी ससाणा एकाकी पडलेल्या पाखरावर झेप घेतो आणि दाट थव्यात लक्ष्य निवडणे त्यास कठीण जाते. सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेग गाठणारा हा पक्षी डोळ्यांसमोर असतो तो क्षणभर. उलट कैकर, म्हणजे मीनखाई घार, घटकान् घटका बुडीत झाडाच्या वाळक्या खोडावर बसून राहते. तिचा आहार जवळजवळ सर्वस्वी माशांचा. बाहेरचे बोट मागे वळवून दोन बोटे पुढे व दोन मागे अशी पकड ती घेते आणि तळव्यांवरील काट्यांमुळे निसरडा मासा सुटत नाही. काठालगतच्या हरभऱ्यावर व माळरानांवर भोवत्ये पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उंचावून अगदी खालून तरंगत जातात. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येणारे माँटेग्यूचे व फिकट भोवत्ये टोळ फस्त करतात आणि रात्री उंच गवतात जमिनीवरच एकत्र मुक्काम करतात. माळ नांगरला किंवा पेटवला, की त्यांचा आसरा जातो. शेतकऱ्याचा असा निःशुल्क राखणदार आपण सहज गमावतो, याची खंत वाटते.

निरीक्षणासाठी सकाळी पूर्वेच्या काठावर, सूर्य पाठीशी ठेवून बसावे आणि पक्ष्यांनी आपणहून जवळ येण्याची वाट पाहावी. फाल्गुनानंतर मात्र हा नियम अधिक कडक केला पाहिजे, कारण स्थलांतरित पक्षी परतू लागले, की उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय, छोटा आर्ली आणि टिटव्या उघड्या खडकावर किंवा वाळूत अंडी घालतात. दुपारच्या उन्हात ही पाखरे पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड राखतात. अशा वेळी माणूस बेटावर पाव तास रेंगाळला, तरी अंड्यांतील जीव करपू शकतो. नदी सुरयाची गणना आता जगातील संकटग्रस्त पक्ष्यांत होते.

धोका केवळ हौशी माणसांचा नाही. पाणी ओसरलेली गाळपेर जमीन कराराने लागवडीस दिली जाते, आणि गरजू कुटुंबाच्या त्या पिकास हरकत घेण्याचा अधिकार मला नाही. तरी सखल, ओला गाळ पिकाला द्यावा आणि ज्यावर पीक येत नाही ते खडकाळ उंचवटे व पाण्याने वेढलेली बेटे फाल्गुनापासून मृगापर्यंत नांगर, गुरे व होड्या यांपासून मुक्त ठेवावीत, एवढी एक शर्त गाळपेरीच्या करारात घालणे महसूल व पाटबंधारे या दोन्ही खात्यांस सहज शक्य आहे. मृगाचा पहिला लोंढा आला, की पातळी वाढून बेटे पुन्हा बुडतात, आणि तोवर ज्या पिलांच्या पंखांत बळ आले असेल तीच तरतात.