हळकुंड मोडल्याचा आवाज

फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात शिरलं की डोळ्यांआधी नाकाला हळद कळते. अडत दुकानापुढं पोत्यांची थप्पी, खाली ओतलेला नमुना, भोवती आठ-दहा खरेदीदार. एकजण वाकतो, हळकुंड उचलून मोडतो. कट्ट! आवाज कोरडा आला म्हणजे माल वाळलेला. मोडलेल्या जागेचा रंग पाहतो, वास घेतो, मगच भाव बोलतो. पूर्वी हाच भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. ज्याची हळद, त्याला शेजारी उभं राहूनही पत्ता लागत नसे.

त्याच दुकानात बसून मी दुसरा सौदा पाहिला. गुजरातच्या एका मसाला कारखानदाराला अडत्यानं फोटो पाठवले. लगेच फोन आला, "शेठ, फोटोत सगळीच हळद पिवळी दिसते. आधी किलोभर नमुना पाठवा." नमुना कुरिअरनं गेला, होकार यायला चार दिवस लागले. बोलणं फोनवर, पैसे बँकेतून, खात्री मात्र पिशवीतूनच.

दूरच्या खरेदीदारालाही बोली लावता यावी म्हणून 14 एप्रिल 2016 रोजी ई-नाम हा देशपातळीवरचा ऑनलाइन शेतमाल बाजार सुरू झाला. पण पडद्यावरची बोली तपासणीच्या दाखल्यावर उभी राहते: ओलावा किती, हळदीला पिवळा रंग देणारं कुरकुमिन किती. इथं हंगामात दिवसाला हजारो पोती उतरतात. प्रत्येक शेतकऱ्याचा ढीग वेगळा, त्यात हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी. सौदा उरकायची घाई असताना एवढे नमुने तपासायचे कधी? माझ्या मते गाडी इथंच अडते, इंटरनेटपाशी नाही.

दुसरी अडचण उधारीची. ओळखीच्या खरेदीदाराला अडत्या चार दिवस सांभाळून घेतो आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीची रक्कम, स्वतःच्या पैशातून चुकती करतो. अनोळखी खरेदीदारासाठी ही जोखीम उचलणारा कोणी लागेल, बँक किंवा विमा कंपनी. त्याशिवाय मोठे सौदे पडद्यावर जाणार नाहीत.

तरी पडद्यावरच्या सौद्याला वाव मोठा आहे. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण यार्डात कर्नाटकातलीही हळद येते. म्हणून कुठल्या गावचा माल, हेही दाखल्यावर हवं. बाजार समितीनं पुढच्या हंगामाआधी सौद्याच्या जागीच ओलावा मोजायची यंत्रं आणि पुरेसे तपासनीस बसवावेत.