आधी करार, मग खाती

स्टुटगार्ट, 13 मे 2021

बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात काल नवं सरकार आलं. मतदान 14 मार्चला झालं होतं. ग्रीन पक्षाचे विन्फ्रीड क्रेचमान तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. 2011 मध्ये ते निवडून आले, तेव्हा जर्मनीतल्या कुठल्याही राज्याचे ते पहिलेच ग्रीन मुख्यमंत्री होते.

विधानसभेच्या 154 जागांपैकी ग्रीनकडे 58, तर ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाकडे (सीडीयू) 42. सोशल डेमोक्रॅट (19) आणि फ्री डेमोक्रॅट (18) यांना घेऊनही बहुमत जमत होतं आणि ग्रीनमधल्या अनेकांना तेच हवं होतं. क्रेचमान यांनी 2016 पासूनचा जोडीदारच पुन्हा निवडला. जवळपास सहा दशकं इथं सत्ता गाजवलेल्या सीडीयूला पुन्हा धाकट्या भावाची जागा घ्यावी लागली.

मधले दोन महिने आधी बोलणी आणि मग करार लिहिण्यात गेले. नव्या घरांच्या छतांवर सौरऊर्जेची सक्ती, सरकारी जंगलांत पवनचक्क्या, मतदानाचं वय 16, असं सगळं त्यात आहे. कोरोनानं तिजोरीवर ताण आल्यानं नव्या खर्चाला 'पैसा असेल तर' ही अटही आहे. करारावर दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांनी शिक्कामोर्तब केलं.

खाती अकरा. अर्थ, शिक्षण, विज्ञान, पर्यावरण, समाजकल्याण आणि वाहतूक ही सहा ग्रीनकडे. गृह, न्याय, उद्योग, ग्रामविकास आणि गृहनिर्माण ही पाच सीडीयूकडे. सीडीयूचे थॉमस श्ट्रोबल गृहमंत्री आणि उपमुख्यमंत्री झाले. गृहनिर्माण हे खातं नव्यानं काढलं. तिजोरी रिकामी असताना हा खर्च कशाला, असं विरोधक विचारतात. प्रश्न रास्त आहे.

मला मोलाची वाटते ती राज्यघटनेतली एक पायरी. आमदार आधी गुप्त मतदानानं मुख्यमंत्री निवडतात. मंत्री तो नेमतो, पण विधानसभेनं अख्ख्या मंत्रिमंडळाला मंजुरी दिल्याशिवाय सरकार कामाला लागत नाही. कोण कुठलं खातं सांभाळणार, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक असतं.

स्टुटगार्ट हे 1968 पासून मुंबईचं भगिनी-शहर. म्हणून आपल्या महाराष्ट्रातलं 2019 आठवतं. सत्तेवर आलेल्या तिन्ही पक्षांचा किमान समान कार्यक्रम तेव्हाही होता. पण शपथविधी 28 नोव्हेंबरला, विस्तार 30 डिसेंबरला आणि नव्या मंत्र्यांना खाती मिळायला जानेवारी उजाडला. अवकाळीनं पिकं गेलेला शेतकरी तोवर थांबलाच होता. उशीर स्टुटगार्टमध्येही होतो, पण तो शपथेच्या अलीकडे संपतो. आपल्या विधानसभेलाही शपथेआधी पूर्ण यादी पाहण्याचा हक्क मिळावा, असं मला मनापासून वाटतं.