थंडीच्या पहाटे ट्रक अडला? आधी धूर पाहा!



गळीत हंगाम ऐन भरात येतो आणि त्याच वेळी आपल्या निफाड-दिंडोरी भागात थंडीचा कडाका पडतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. अशा पहाटे फडात भरून ठेवलेला जुना ट्रक चालू झाला नाही, तर तोटा एकट्या गाडीमालकाचा होत नाही. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गव्हाणीत पडायला हवा. उशीर झाला की वजन घटते, ते सभासदाच्या बिलातून जाते. उसातली साखर मोडते, तो उतारा आपल्या सर्वांचाच जातो.

मागे एका हंगामात एका वाहतूकदाराची भरलेली गाडी अशीच दोन दिवस फडात उभी राहिली. फ्युएल पंप गेला असे ठरवून तो उतरवला आणि नाशिकला पाठवला. पंप चांगला निघाला! दोष होता टाकीकडून येणाऱ्या नळीच्या तांब्याच्या वॉशरमध्ये. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी काय पाहावे, ते आम्ही येथे सांगत आहोत.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन आतली हवा सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि नोझलने मारलेला डिझेलचा फवारा त्या उष्णतेवर पेटतो. थंडीत हवा गार, लोखंड गार, चेंबरमधले तेल घट्ट आणि बॅटरीही मंद. उन्हाळ्यात जो दोष झाकून जातो, तो थंडीत उघडा पडतो. इंजिन पेटायला तीन गोष्टी लागतात : फिरण्याचा वेग, डिझेल आणि दाब. तपासणीही याच क्रमाने करावी.

१) सेल्फचा आवाज ऐका. इंजिन रेंगाळत फिरत असेल तर बाकी काही खोलू नका. हवा हळू दाबली गेली तर ती तापण्याआधीच गार होते. सेल्फ मारून झाल्यावर बॅटरीच्या टर्मिनलला आणि अर्थच्या वायरीला हात लावून पाहा. जो जोड गरम लागेल तो सैल किंवा गंजलेला समजावा. तो घासून, आवळून घ्या. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये; मध्ये मिनिटभर थांबावे.

२) धूर मुळीच नाही. सेल्फ जोरात फिरतो, पण सायलेन्सरमधून काहीच येत नाही, म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेल पोचत नाही. बंद करण्याची दोरी पूर्ण आत गेली आहे का, हे प्रथम पाहा. मग फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे निघाले आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर लाइन एअर धरते आहे. टाकी ते फीडपंप या भागातली गळती फसवी असते. तेथे डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही. हवा आत ओढली जाते आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरते. संध्याकाळी चांगली असलेली गाडी सकाळी अडते ती यामुळे. बुडबुडे नाहीत आणि डिझेलही येत नाही, तर फिल्टर तुंबला आहे किंवा त्यात पाणी आहे.

३) पांढरा धूर. डिझेल पोचते, पण पेटत नाही. हीटर प्लग असलेल्या गाडीत ते तापतात का, ते आधी पाहा. प्लग नसतील किंवा ठीक असतील, तर नोझल, टायमिंग अथवा दाब यांत दोष. गाडी तापल्यावर झटकन चालू होते, गार असताना मात्र रडते आणि तेल भरण्याच्या तोंडातून वाफारा जोरात येतो, तर रिंगा-लायनर झिजले आहेत. गाडी तापूनही पांढरा धूर राहतो आणि रेडिएटरचे पाणी कमी होते, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. ही दोन्ही कामे मिस्त्रीची. हंगामापूर्वीच उरकून घ्यावीत.

आता काय करू नये, तेही सांगणे भाग आहे. चेंबरखाली पाचट पेटवू नका. शेजारी उसाने भरलेला ट्रॉला आहे हे विसरू नका. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरू नका. भरलेली गाडी उतारावर सोडून चालू करण्याचा मोह तर अजिबात नको. हवेचा ब्रेक असलेल्या गाडीच्या टाकीतली हवा रात्रभरात उतरलेली असते. इंजिन पेटले नाही तर ती गाडी थांबवणार कशाने? पुढे तोडणी मजुरांच्या कोप्या असतात, त्यांत लहान मुले झोपलेली असतात.

उपाय रात्रीच्या पाच मिनिटांत आहे. टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दव धरून पाणी साचणार नाही. फिल्टरच्या तळाचे पाणी सोडा. टर्मिनल आवळा. कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे तेल वापरा. आणि सकाळी गाडी अडलीच, तर ड्रायव्हरने सेल्फ मारताना किन्नरला मागे उभे करून धूर पाहायला सांगा. मिस्त्रीला निरोप धाडताना "गाडी चालू होत नाही" एवढेच न कळवता "धूर नाही" किंवा "पांढरा धूर आहे" असे कळवा. तो योग्य सामान घेऊन येईल आणि आपला ऊस वेळेत काट्यावर लागेल.