कुशीचा भरवसा

तान्ह्या मुलास आईच्या कुशीइतकी निर्धास्त जागा अन्यत्र नाही, ही समजूत घरातील पाळण्यापाशी कितीही खरी असली तरी ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीत ती टिकत नाही. आणि असे असूनही प्रसूतिगृहातून घरी निघालेली आपल्याकडील बहुतेक अर्भके आपला पहिला मोटारप्रवास दुपट्यात गुंडाळलेल्या स्थितीत, मागच्या आसनावर बसलेल्या आजीच्या नाहीतर मावशीच्या मांडीवरूनच पार पाडतात. ‘मी घट्ट धरीन की!’ हे आजीचे आश्वासन अंतःकरणपूर्वक दिलेले असते. परंतु आघाताचा हिशेब वस्तुमानाशी आणि वेगाशी होतो, व तेथे अंतःकरणाची दाद लागत नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगातील मोटार एकाएकी अडली असता आत मोकळे असलेले शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते, आणि हा वेग म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून म्हणा, पडलेल्या वस्तूस जमिनीशी पोहोचताना प्राप्त होणारा वेग होय. अशा धडकेत शरीरावर येणारा जोर त्याच्या वजनाच्या तीसपटीपर्यंत सहज जाऊ शकतो. म्हणजे सात किलोचे मूल थोपवून धरण्यास दोन क्विंटलांचे ओझे, तेही पूर्वसूचनेवाचून आणि क्षणार्धात, पेलण्याची ताकद हातांत हवी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. तेथे वेग दुप्पट होतो आणि पतनाची उंची चौपट. ‘मग एकच पट्टा दोघांभोवती घ्यावा’ ही तोड तर अधिकच घातक, कारण धडकेच्या वेळी मोठ्या माणसाचा सगळा भार मुलावर येतो आणि ते त्या देहाच्या व पट्ट्याच्या मध्ये चेंगरते. मागच्या आसनावर बसलेल्यास पट्ट्याची गरज नाही, हा भ्रम किती महाग पडतो ते ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या अपघाती मृत्यूने साऱ्या देशास दाखविले. मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले होते.

मुलासाठी वेगळी आसंदी, जिला आज सर्वजण कार सीट म्हणतात, ती घेतली तरी गैरसमज संपत नाहीत. मूल गाडीच्या मागील काचेकडे तोंड करून बसविले तर त्याचे पाय आखडतात, त्यास करमत नाही, आईचे मुख दिसत नाही, अशा सबबींवर वर्ष भरण्याच्या आतच ती आसंदी फिरविली जाते. वस्तुतः अर्भकाचे मस्तक त्याच्या एकूण लांबीच्या चतुर्थांशाएवढे (प्रौढाचे अष्टमांशाएवढे) असून मानेचे मणके अद्याप पुरते अस्थिमय झालेले नसतात. पुढे तोंड असताना समोरून धडक बसली तर धड पट्ट्याने जागी राहते आणि ते जड मस्तक मानेवर हिसकले जाते. मागे तोंड असताना तोच जोर पाठ, मान व डोके यांवर समप्रमाणात वाटला जाऊन आसंदीच्या पाठीत जिरतो. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन या वैद्यकशास्त्रज्ञाने जेमिनी यानातील अंतराळवीरांच्या आसनांवरून हे सूत्र उचलले आणि १९६४ साली अशी पहिली बालआसंदी व्होल्वो मोटारीत तपासून पाहिली. त्या देशात मुले चार वर्षांची होईपर्यंत उलट्या दिशेने बसतात, आणि त्यांचे पाय आखडल्याची तक्रार कोणी केलेली नाही. युरोपीय नियमानुसार पंधरा महिन्यांपर्यंत तरी हे सक्तीचे आहे. मात्र अशी आसंदी चालकाशेजारी, चालू एअरबॅगसमोर कदापि ठेवू नये. निमिषार्धात फुगणारी ती पिशवी आसंदीच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागेच आदळते, आणि प्रौढाचे प्राण वाचविणारे साधन अर्भकाचे प्राण घेते.

‘आपल्याकडे असा कायदाच नाही’ हेही खरे नव्हे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली घातलेल्या कलम १९४-ब अन्वये चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने अथवा बालआसंदीने सुरक्षित न करता नेल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. अंमलबजावणीविषयी न बोललेले बरे.

विमानाची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे, कारण तेथे दोन वर्षांखालील मूल मांडीवर घेण्यास खुद्द नियमच परवानगी देतो, आणि सरकारने मुभा दिली म्हणजे धोका नसणार असा सरळ अर्थ सामान्य प्रवासी काढतो. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड कंपनीचे २३२ क्रमांकाचे विमान अमेरिकेतील सू सिटी येथे कोसळत्या अवस्थेत उतरले, तेव्हा त्यात मांडीवरची चार मुले होती. तत्कालीन शिरस्त्याप्रमाणे सेविकाप्रमुख जॅन ब्राउन यांनी आईबापांस मुले पायांपाशी जमिनीवर ठेवून धरण्यास सांगितले. धडकेत काही मुले हातांतून निसटली. त्यांपैकी एक दगावले. त्या अपघातात एकंदर ११२ माणसे मृत्युमुखी पडली, परंतु ब्राउनबाईंनी पुढील आयुष्यात लहान मुलांसाठी स्वतंत्र आसनाच्या सक्तीचा जो पाठपुरावा केला तो आपणच दिलेल्या त्या हुकमाच्या स्मरणाने. तेथील अपघात-अन्वेषण मंडळाने १९९० साली तशी शिफारसही केली. विमान-प्रशासनाने ती फेटाळली, आणि त्याचे कारण लक्षपूर्वक ऐकण्याजोगे आहे: वेगळे तिकीट सक्तीचे केल्यास अनेक कुटुंबे मोटारीने जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा कितीतरी अधिक मुले मरतील. युक्तिवाद हिशेबी आहे, मला तो पटतोही. पण त्यातून मांडी सुरक्षित असल्याचे कोठेही सिद्ध होत नाही. उलट तेच प्रशासन मुलास स्वतंत्र आसनावर बालआसंदीत बसवावे असा सल्ला देते.

आपल्याकडील विमानांत आईच्या पट्ट्यात अडकविण्याचा जो छोटा जोडपट्टा मिळतो तो मूल उडून जाऊ देत नाही एवढेच. धडकेचा भार पोटावरच येत असल्यामुळे अमेरिकेत त्यास मनाई आहे. भिंतीला टांगलेला पाळणा स्थिर उड्डाणापुरताच असून, उड्डाण, अवतरण आणि हेलकावे या तिन्ही प्रसंगी मूल त्यातून उचलावे लागते. ज्यांना दुसऱ्या तिकिटाचा खर्च झेपतो त्यांनी ते काढावे, आपली आसंदी विमानात चालते काय हे तिच्यावरील चिठ्ठीवरून व कंपनीकडे विचारून आधीच ठरवावे, आणि ती खिडकीपाशी बांधावी.

मोटारीच्या बाबतीत मात्र खर्चाची सबब मला मान्य नाही. बारशाला येणाऱ्या चांदीच्या वाळ्यांची आणि वाट्यांची किंमत पाहिली, तर आप्तांनी मिळून एक आसंदी घेणे मुळीच अवघड नाही. फक्त ती बारशाला न देता बाळंतिणीस घरी आणण्यापूर्वीच गाडीत पक्की बसवून ठेवावी.