सहलीचा वृत्तान्त व विहिरीचे माप

पाणवठ्याच्या सहलीनंतर मुले बहुधा ‘विहीर पाहिली, फार आनंद झाला’ एवढेच लिहितात. आनंद जरूर लिहावा. परंतु माप त्याआधी यावे. धुतलेला दगड दोरीस बांधून तळास टेकवावा. दोरीचा भिजलेला भाग म्हणजे पाण्याची खोली. (दोरी शिक्षकांनीच सोडावी, मुलांस कठड्यावर वाकू देऊ नये.) गोल विहिरीचा व्यास ४ मीटर व खोली ३ मीटर भरल्यास पाणी सुमारे ३७,७०० लिटर होते. दर १,००० लिटरांस अडीच ग्रॅम या सर्वसाधारण प्रमाणाने त्यास सुमारे ९४ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर लागते. उन्हाळ्यातील खोली पावसाळ्यातही तशीच धरल्यास पावडर कमी पडते व हगवणीची साथ पसरू शकते. म्हणून वृत्तान्तात मापाची तारीख अवश्य असावी.